एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

डिंकाच्या लाडवांच्या कपाटाला नवऱ्यानं सहा आकड्यांचं कुलूप लावलं, तेव्हा हेमलताबाई गालातल्या गालात हसल्या. रक्तात साखर वाढली असली, तरी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाईला आकड्यांनी अडवायचं म्हणजे कोळ्याच्या पोराला पाण्याची भीती घालण्यासारखं होतं.

लग्नाची तारीख चालली नाही. मग त्यांनी आपली लाडकी संख्या लावली, १४२८५७. तिला दोनापासून सहापर्यंत कशानंही गुणा, तेच आकडे त्याच क्रमानं गोल फिरतात. हे कौतुक त्या बारशापासून तेराव्यापर्यंत सगळीकडे सांगायच्या. सातावर काय होतं ते ऐकायला कुणी उरायचं नाही. नवरा तर दोनावरच घोरू लागायचा.

सहापर्यंतचे सगळे गुणाकार लावून झाले. कुलूप ढिम्म.

"सातानं गुणलंस का?" पेपरामागून नवऱ्याचा आवाज आला.

बाईंनी सगळे नऊ लावले आणि कुलूप उघडलं. त्यांचे डोळे भरून आले.

"म्हणजे तुम्ही जागे होतात?" त्या लाडू हातात धरून म्हणाल्या. "मग नऊच का येतात, तेही सांगते. बसा."

नवऱ्यानं लगबगीनं दुसरा लाडू उचलून स्वतःच त्यांच्या तोंडात कोंबला.