साबण की पाणी

आमच्या दामिनीला कोणाची पत्रास राहिली नाही. तिची बहीण चंचल बाळंतपणाला माहेरी आली आहे. मी तिला प्यायला पाणी दिलं, तर या नातीनं तिच्या हातातला गिलास हिसकून मोरीत ओतला. पाणी आमच्याच विहिरीचं, सारी गल्ली ते भरते.

दामिनीच्या बारावीच्या केमिस्ट्रीत प्रोजेक्टसाठी दोन विषय होते, साबण नाहीतर विहिरीचं पाणी. साऱ्या पोरींनी साबण घेतला, हिनं पाणी. बाटली मीच भरून दिली होती, मोठ्या तोऱ्यात.

"काय निघालं त्यात?" मी विचारलं.

"गरवार बाईनं अन् लेकरानं ते पिऊ नये, म्हणे मॅडम. पण विहीर कोणाची ते प्रोजेक्टवर लिहा लागते, तुहं नाव आलं असतं. मंग मी विषयच बदलला, आजी. आता साबण करून राह्यली."

बाहेर विहिरीवर शेजारची रामबाई पाण्याचा पितळी गुंड भरत होती. कडेवरचा नातू ओंजळीनं पाणी पीत होता.

"माह्या नावापायी तू बहिणीपुरतं पाणी सांडलं, अन् गल्लीले पिऊ देलं," मी म्हटलं. "तुह्यापेक्षा ते पाणी बरं."