सात नंबरच्या स्प्रिंगा

मिस्त्रींनी कागद वाचला, चष्मा काढला आणि कागद मालकापुढे परत सरकवला.

"माझी सही होणार नाही."

मालक हसला. म्हातारा थट्टा करतोय असं त्याला वाटलं. मग मिस्त्री हसत नाहीत हे बघून त्याचंही हसू आटलं.

कुलपांचा हा कारखाना वडिलांनी उभा केलेला. वडील गेले आणि कारखान्याबरोबर त्याच्या सगळ्या कटकटीही पोराच्या गळ्यात पडल्या. वर्षभरात मोठी मागणी म्हणावी अशी ही एकच आली होती: विद्यार्थी वसतिगृहांसाठी बाराशे कुलपं, आणि वर किरकोळ म्हणून जुन्या सात नंबरच्या कुलपाच्या चार हजार स्प्रिंगा. मागणी शेजारच्या देशातल्या एका दलालाची. माल पुढे कुठे जाणार हे दलालाने सांगितलं नाही आणि मालकाने विचारलं नाही. विचारायचं काय? सात नंबरचं कुलूप कारखान्याने आजवर एकाच सरकारला विकलं होतं. ते सरकार आपल्याच माणसांना घरातून उचलून आत टाकायचं, म्हणून तेवीस वर्षांपासून त्याच्यावर निर्बंध होते. त्याला साधा खिळाही विकायचा नाही, असा कायदा होता. मालाची यादी देऊन तो तिकडे जाणार नाही, असं लिहून द्यावं लागे आणि त्याखाली दोन सह्या लागत. एक मालकाची, एक माल तपासणाऱ्याची, म्हणजे मिस्त्रींची. मालकाची झाली होती.

"काका, वसतिगृहं आहेत हो. शिकणाऱ्या पोरांची."

मिस्त्रींनी दलालाने पाठवलेलं कुलपाचं चित्र टेबलावर पसरलं. "बाहेरून किल्ली. दार ओढलं की आपोआप लागणार. आणि आतून? आतून भोक नाही, खिट्टी नाही, नुसती सपाट पट्टी. पोरांना लघवीला लागली म्हणजे त्यांनी काय करायचं?"

कानस चालवणारे दोघे फिसकन हसले. मालकाने मान वळवताच त्यांच्या कानशी पुन्हा जोरात चालू लागल्या.

मालकाने सूर बदलला. जुन्या उपकाराची आठवण करून द्यावी, असं त्याच्या मनात आलं. एकोणीस वर्षांपूर्वी हे मिस्त्री कारखान्याच्या दारात येऊन उभे राहिले, तेव्हा त्यांच्या अंगात कुणाचा तरी ढगळ कोट होता. परक्या मुलखातला माणूस, बोलणं मोडकंतोडकं, ओळख नाही, चिठ्ठी नाही. पण कारखान्याचा पत्ता तोंडपाठ, अगदी गल्लीच्या नंबरासकट. पत्ता कुणी दिला, असं वडिलांनी विचारलं, तर म्हणाले, "तुमच्या कुलपावर वाचला." प्रत्येक कुलपाच्या मागच्या पट्टीवर पूर्ण पत्ता ठोकायची हौस वडिलांचीच. ते इतके खूश झाले की त्याच दिवशी त्यांनी या माणसाला कामावर घेतलं. मालक हा किस्सा अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला रंगवून सांगायचा.

"बाबांनी तुम्हाला जवळ केलं, काका. आज त्यांच्या कारखान्याला टाळं लागायची वेळ आलीय. बावीस माणसं घरी बसतील. त्यात तुमची सूनही आली."

"माहीत आहे मला."

"आपण नाही दिला माल तर दुसरा कोणी देईल."

"देऊ दे. मागच्या पट्टीवर पत्ता त्याचा असेल."

आता मात्र मालकाचा तोल सुटला. त्याने टेबलावर हात आपटला. "तेवीस वर्षं झाली त्या निर्बंधांना! सरकार तेच, तुरुंग तेच. पोट मारलं गेलं ते आपलं! काय मिळालं त्यातून? तिथलं एक दार तरी उघडलं का?"

कानशी थांबल्या.

मिस्त्री उठले. नमुन्यांच्या फळीवरून त्यांनी सात नंबरचं जुनं कुलूप उचललं आणि मालकासमोर पालथं ठेवलं. पट्टीवरच्या अक्षरांवरून त्यांचा अंगठा न बघता फिरला.

"हा पत्ता मी इथे वाचला. चार वर्षं, रोज. उजेड नसेल तेव्हा बोटांनी."

मालक त्या पट्टीकडे बघत राहिला. तो किस्सा त्याने शेकडो वेळा सांगितला होता. दाराला बसवलेल्या कुलपाची मागची बाजू फक्त आत असलेल्या माणसाला दिसते, हे त्याला आज पहिल्यांदा सुचलं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"निर्बंध आले आणि तुमच्या स्प्रिंगा तिकडे यायच्या बंद झाल्या," मिस्त्री म्हणाले. "जुन्या ढिल्या पडत गेल्या. एका सकाळी पहारेकऱ्याने नेहमीसारखं दार ओढलं आणि खटका बसलाच नाही. त्याला कळलं नाही, तो गेला निघून. मी दार ढकललं. एक उघडलं, मालक."

"मग इथेच का आलात, काका?" मालकाचा आवाज खाली आला होता.

"ज्याने ती कुलपं घडवली त्याच्या तोंडावर थुंकायचं होतं. मोठ्या मालकांनी आधी चहा पुढे केला."

मालकाने कागद हातात घेतला. स्वतःची सही बघितली. पुन्हा एकदा, अगदी अजिजीने म्हणाला, "पण एकच ना, काका? एक सुटलं कधीतरी, नशिबाने. बाकीची दारं तर अजून घट्ट बंदच असतील."

मिस्त्रींनी कागदावरच्या यादीतल्या शेवटच्या ओळीवर बोट टेकवलं.

"मग या चार हजार स्प्रिंगा त्यांना कशाला हव्यात?"