कळ

स्वीडनमधल्या उप्सालाच्या प्रयोगशाळेत संशोधक इंगेगर्डने कोमट पाण्यात टांगलेला गर्भपिशवीचा तुकडा सकाळपासून निपचित होता. त्याला जोडलेली सुई नुसती सरळ रेघ ओढत होती.

तुकडा तूवा नावाच्या बाळंतिणीचा, सिझेरियनच्या वेळी तिने आपणहून दिलेला. आज ती बाळाला घेऊन, बाळंतपणात धीर दिल्याबद्दल इंगेगर्डचे आभार मानायला आली होती. तिथल्या इस्पितळात रिवाजाने बाळंतिणीच्या पहिल्या ताटात खोचतात तो कागदी झेंडा तिने भेट म्हणून आणला होता.

तिने बाळाला पाजायला घेतलं आणि सुई चढली.

“पाजताना पोटात कळ येतेच,” तूवा हसली, “पण मी इथे, तो तुकडा तिथे! इंगेगर्डताई, धरा बघू याला.”

बाळ इंगेगर्डच्या छातीशी तोंड घासू लागलं. सुई पुन्हा चढली, आणि या वेळी कळ इंगेगर्डच्या ओटीपोटात उठली.

तिची गर्भपिशवी काढून कित्येक वर्षं लोटली होती.

“उपकार झाले रे, राजा,” ती पुटपुटली.

सुई खाली आलीच नाही.