फिकट गुलाबी

टायट्रेशनचं प्रात्यक्षिक घेता घेता सर आज पार वैतागले होते. फ्लास्कमधलं द्रावण फिकट गुलाबी झालं की थांबायचं, हे ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला, तरी जो तो रंग यायच्या आधीच ब्युरेटची तोटी बंद करून मोकळा!

"सर, झालं माझं," पुढच्या टेबलावरची मुलगी म्हणाली.

"डोंबल झालं! पाण्यासारखं नितळ आहे अजून."

"नाही सर, गुलाबी झालंय."

आता मात्र सरांचा पारा चढला. चष्मा खसाखसा पुसून त्यांनी फ्लास्क खिडकीच्या उजेडात धरला आणि वर्गाला दरडावून विचारलं, "सांगा रे हिला! कुणाला दिसतोय यात रंग?"

 

वर्गातला एकूण एक हात वर गेला.