बापूसाहेबांच्या गाडीचं टायमिंग

होटगी रोडचा बिरप्पा मिस्त्री जुन्या ट्रकचं टायमिंग, म्हणजे इंजिनात डिझेल सुटायची वेळ, मशीनवर कधीच लावत नसे. डावा हात चालू इंजिनवर ठेवायचा आणि उजव्या हातानं ड्रायव्हरचं मनगट धरायचा. दोन्ही ठोके जुळेपर्यंत डिझेलचा पंप कमी-जास्त करायचा, मग नट आवळायचा. "चालवणाऱ्याच्या ठोक्यावर लागली की गाडी डिझेल कमी खाती," एवढंच सांगायचा.

बापूसाहेबांची गाडी त्यानं त्यांचंच मनगट धरून अशीच लावून दिली होती. चारचं अ‍ॅव्हरेज सहावर गेलं. सोळा वर्षं ती दुधनी गावच्या खेपा करत राहिली, टायमिंगला पुन्हा हात लावावा लागला नाही.

आज बापूसाहेबांची मुलगी सुकन्या धापा टाकत गॅरेजवर आली. "मिस्त्रीकाका, आमच्या आप्पांना दवाखान्यात ठेवलंय. रिपोर्ट समदे चांगले हायती, पर सकाळपास्नं काळजाचा ठोका मदीच चुकतोय. डॉक्टरला बी कळंना. आप्पा सारखं तुमालाच बोलवत्यात."

बिरप्पानं पाना उचलला. "गाडी कुटं हाय?"

"गाडी?" ती गोंधळली. "ती काल भंगारात दिली की. आज उजाडताच तोडायला घेतली त्यांनी."