उपासाच्या नूडल्स

अगं, आधी नुसतं ऐक! केतकीने महिनाभर शोधून त्या कोरियन नूडल्सचं एकुलतं एक पाकीट मिळवलं. रविवारी गाजर, सिमला मिरची, मशरूम सगळं काड्यांसारखं चिरलं, नूडल्स उकडून निथळत ठेवल्या आणि आंघोळीला गेली.

बाहेर येते तर काय! सासूबाईंनी नूडल्सना तुपाजिऱ्याची फोडणी देऊन वर मूठभर दाण्याचं कूट घातलेलं!

"आई, हे काय केलंत?" तिचा आवाजच चढला.

"तूच म्हणालीस ना, रताळ्याच्या असतात म्हणून? आज माझी चतुर्थी. उपासाला चालतं की! घे, पहिली वाटी तुलाच काढलीये."

भाज्या ताटात तशाच सुकत पडलेल्या. केतकीने फणफणतच घास घेतला, तर मेल्या लागत होत्या झकास! आता भांडायचं की आणखी वाढून घ्यायचं? तू काय केलं असतंस?