गोदावरीला सोडलेलं गाठोडं

"आई म्हणावं का कैदाशीण? घरात तोंड उघडत न्हाई, अन् शाळेत दात काढती!"

तारामती उन्हातून तरातरा शाळेकडे निघाली होती. सून सुकन्या तिसरीच्या पोरांना खिदळवते, स्वतःही हसते, हे शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बसम्मानंच सांगितलं होतं. नात शिवानी जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं. सुनेच्या डोळ्यांत पाणी कुणी पाहिलं नव्हतं. आज पोरांसमोर जाब विचारायचा, आणि संध्याकाळच्या गाडीनं देगलूरला, माहेरी धाडायचं. पुन्हा येऊ नको म्हणायचं. तारामतीचा हात सारखा कमरेच्या पानसुपारीच्या चंचीकडे जात होता.

गेलेल्या लेकराची वस्तू घरात ठेवायची नाही, ही घरची रीत. शिवानीची खेळणी तारामतीनं स्वतः फडक्यात बांधली होती. "नांदेडला जा. गोदावरीत सोड. मागं वळून बघू नको." सुकन्या मुकाट गाठोडं घेऊन गेली, रिकाम्या हातांनी आली. हू नाही की चू नाही. तेच तारामतीला खुपत होतं.

वर्गाच्या दारात ती थांबली.

"हे घसरतं का घरंगळतं?" सुकन्या विचारत होती.

"बाई, उभं घसरतंय, आडवं घरंगळतंय!" एक मुलगी डबा नाचवत ओरडली. पोरं हसली. सुकन्याही हसली.

"ही वृत्तचिती. आणि ही टोपी?"

"शंकू!"

चंदेरी कागदाची, वाढदिवसाची टोपी. तुटलेलं रबर लाल दोऱ्यानं शिवलेलं. टाका तारामतीचा होता. मग सगळंच ओळखू आलं. दातांच्या खुणांचा सापशिडीचा फासा. हवा गेलेला चेंडू. टेबलावर अंथरलेलं फडकंसुद्धा तेच.

सुकन्यानं सासूला पाहिलं. तिचं तोंड उतरलं.

"घाटापर्यंत गेले होते, आत्याबाई. हात सुटला नाही." तिचे डोळे भरून आले. "पण घरात नाही ठेवलं."

तारामती टेबलापाशी आली. चंची सोडली. सुपारीच्या खाली दडवलेला शिवानीचा छोटा भोवरा काढून तिनं टोपीशेजारी ठेवला.

"बाई, हा बी शंकू!" पुढच्या पोरीनं बोट दाखवलं.

तारामतीनं पदरानं नाक पुसलं.

"लई खोटारडी हायस तू, सुकन्या," ती म्हणाली. "माझ्यावरच गेलीस."